हातमोजे नव्हते, चाचा

चाचा, तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी ड्रिलवर होते. पट्टीतलं तिसरं भोक निम्मं झालं होतं. फोन आमच्या शेडवरच्या दत्तूनं घेतला आणि येऊन माझ्यापासून चार हात लांब उभा राहिला. "ताई, मशीन बंद करा," एवढंच म्हणाला. मी हँडल वर घेतलं, स्विच पाडला, बिट धरणारा चक फिरायचा थांबेपर्यंत वाट पाहिली आणि मग त्याच्याकडं वळले. तो म्हणाला, "दौंडचा फोन व्हता. चाचा गेले. सकाळी छातीत दुखतंय म्हणले, आन् दवाखान्यात न्हेईस्तोवर संपलं."

मी बरं म्हटलं. मग मशीन पुन्हा चालू केली आणि ते भोक पुरं केलं. पट्टी वाइसच्या जबड्यात आवळलेली होती. निम्म्यात सोडली असती तर पुन्हा बिट जागेवर बसायला त्रास झाला असता. दत्तू माझ्याकडं बघत होता. त्याला वाटलं असेल, ही बाई दगडाची आहे. असेन. अजूनही मला रडू आलेलं नाही. जेवण जातं, झोप लागते. फक्त आपण काय करतोय ते दुसरं कुणीतरी करतंय, असं वाटत राहतं.

त्या दिवशी हे मातीला जाऊन आले. मी तिसऱ्या दिवशी तुमच्या घरी गेले. आणि तिथं एक गोष्ट सांगून आले. तुमचं बोट कसं गेलं, ते. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, हे मला माहीत आहे. तुम्हाला न विचारता केलं, म्हणून तुम्हाला कळवते आहे. बाकी या लिहिण्याला कारण नाही.

तुम्ही शिरूरला आमच्या शेडवर आलात तेव्हा ती मशीन नुसती उभी होती. ह्यांनी जुन्यातली घेतली आणि लगेच ह्यांना एमआयडीसीत नोकरी लागली. छातीएवढा लोखंडी खांब, वर मोटर आणि पट्टा, पुढं लोंबणारा चक, त्यात बिट. मी तिच्यावर फडकं वाळत घालायचे. तुम्ही रेल्वेतून रिटायर झालेले फिटर. तुमचे वडील आमच्या सासऱ्यांकडून बकरी घ्यायचे, त्या ओळखीवर आलात. सोमवारी सकाळी दौंडहून एसटीनं यायचं, शेडमागच्या खोलीत राहायचं, शनिवारी परत जायचं. सासऱ्यांची ओळख म्हणून मला सूनबाई म्हणायला लागलात. तुम्ही मशीनवरचं फडकं काढून माझ्या हातात दिलंत आणि विचारलंत, "ही चालवणार कोन?"

"तुम्ही."

"आन् मी गावाला गेल्यावर?"

मी फडक्याची घडी घातली. तुम्ही म्हणालात, "मग सूनबाई, आधी बांगड्या काढा."

त्यावरून घरात काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. सासूबाई माझे मोकळे हात बघून म्हणाल्या, "हे काय गं? माझा ल्योक जिता हाय अजून!" तुम्ही दाराबाहेर चहा पीत होतात. तिथूनच ओरडलात, "भाभी, ल्योक जिता ऱ्हाईल. पण मशीननं बांगडी धरली तर सून न्हाई ऱ्हायची. मग भाकऱ्या कोन थापल, तुमी?" सासूबाईंना हसू आवरेना. पुढं त्याच मला सकाळी विचारायला लागल्या, बांगड्या काढल्या का, पदर खोचला का, वेणी बांधली का. गावात बायका कुजबुजल्या तर त्यांना उत्तर द्यायचं कामही त्यांनीच घेतलं.

पहिले आठ दिवस तुम्ही मला एकही भोक पाडू दिलं नाही. पट्टी वाइसमध्ये आवळायची, सोडायची, पुन्हा आवळायची. मी वैतागले. एवढीशी पट्टी, हातानं धरली तर काय बिघडतं?

"धर की," तुम्ही म्हणालात. "बिट पलीकडं निघताना पट्टी पकडतंय. मग पट्टी पंख्याच्या पात्यागत फिरती. घरातला पंखा हातानं धरून बघ आधी, जमलं तर ये."

म्हणून शेवटी शेवटी दाब सोडायचा. कीस साठला तर मशीन थांबवून ब्रशनं झाडायचा, बोटानं नाही. बंद केल्यावर चक आपोआप थांबू द्यायचा, हातानं धरून थांबवायचा नाही. बिट आवळायची चकची चावी तर तुम्ही प्लगलाच दोरीनं बांधून टाकली होती, म्हणजे चावी लावायची तर आधी प्लग उपसावाच लागायचा. कुणी त्यावर हसलं की म्हणायचात, "माझा माणसावर भरोसा न्हाई, दोरीवर हाय." आणि हातमोजे. हातमोज्यांचा तुम्हाला भारी राग. कापड फाटत नाही, ते हाताला घेऊन आत जातं, असं सांगायचात. नवा माणूस मोजे घालून मशीनपाशी आला की त्याला आपादमस्तक न्याहाळून विचारायचात, "काय पाव्हनं, लग्नाला आलात का?"

एक भांडण आपलं राहिलंच. मला गॉगल लावायला लावायचात आणि स्वतः चष्म्यावर भागवायचात. "चार डोळे हायेत की मला," म्हणायचात. चष्मा म्हणजे गॉगल नव्हे, बाजूनं कीस उडतो, हे मी तुम्हाला शंभर वेळा सांगितलं. तुम्ही ऐकलं नाहीत. ते एक मी जिंकायला हवं होतं.

आता दसरा.

खंडेनवमीला शेडची पूजा व्हायची आणि तिची निम्मी तयारी तुमची असायची. आदल्या दिवशी रॉकेलनं मशीन पुसायची, खांबाला तेलाचा हात फिरवायचा. नारळ तुम्हीच फोडायचात, एका घावात दोन सारख्या वाट्या. रेल्वेच्या शेडमध्ये उभा जन्म हेच केलं, असं सांगायचात. हार मात्र मी ओवायचे. बोट गेलं त्याच्या आधीच्या वर्षी हाराचा सुती दोरा तुटला होता आणि झेंडू तेलाच्या ट्रेमध्ये पडला होता. सासूबाईंना ते बरं वाटलं नाही. म्हणून त्या वर्षी मी डोकं चालवलं. खताच्या रिकाम्या गोणीच्या तोंडाची शिवण उसवली, एका झटक्यात लांबच लांब नायलॉनचा दोरा निघाला, त्यात हार ओवला. आता तुटणार नाही, असं मी सासूबाईंना सांगितलंही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक गाडीवान उसाच्या बैलगाडीच्या पट्ट्या घेऊन आला. ऊसतोड तोंडावर आली होती, त्याला घाई होती. पट्ट्या ठेवून तो समोर चहाला गेला. शेडमध्ये आपण दोघंच. तुम्ही हाराला हात घातलात.

"सूनबाई, हार काढतो. मशीन चालू करायचीय."

"नको, राहू द्या. आपोआप सुकून पडला पाहिजे."

"मग भिंतीला लावू की. फिरत्या चकापाशी लोंबतं बरं न्हाई."

"राहू द्या म्हटलं ना. तुम्हाला काय कळायचं आमच्यातलं."

मी रागावलेले नव्हते. मी पट्ट्यांवर खुणा करत होते, माझं लक्षही तुमच्याकडं नव्हतं. कितीदा तरी आठवून बघितलं, राग सापडत नाही. सहज बोलले. तुम्ही हात मागं घेतलात. दोन्ही हातांनी हार उचलून वर मोटरच्या पट्ट्याच्या झाकणावर नीट गोळा करून ठेवलात, आणि मशीन चालू केलीत.

झाकण थरथरत होतं. दुसऱ्या भोकाला हार घसरला. एक टोक खाली चकापाशी आलं आणि तुमचा डावा हात ते बाजूला करायला गेला. जे मला आठ दिवस शिकवलंत तेच नेमकं तुम्ही विसरलात. किंवा विसरला नाहीत, तो हार खराब होऊ नये म्हणून हात गेला. मला आता असंच वाटतं. सुती दोरा असता तर तुटला असता. गोणीचा दोरा तुटला नाही, बोटाला घेऊन चकाभोवती फिरला. स्विच मी पाडला. पण तोवर अंगठ्याशेजारच्या बोटाची दोन पेरं गेली होती.

दवाखान्यात हे कारखान्यातून थेट आले. "कसं झालं?" म्हणून विचारलं. मी तोंड उघडलं, आणि माझ्याआधी तुम्ही बोललात. "मोजे घातले व्हते. पट्टीला धार व्हती, म्हटलं घालावं. म्हातारपणी अक्कल गेली, दुसरं काय." ह्यांनी माझ्याकडं बघितलं. ह्यांना तुमचं मोज्यांचं माहीत होतं. मी भिंतीवरच्या तक्त्याकडं बघितलं.

आणखी एक सांगायचं आहे. हे तुम्हालाही माहीत नाही. तुम्हाला तिथं ठेवून मी परत आले ती आधी शेड झाडायला. झेंडूच्या पाकळ्या सगळीकडं उडाल्या होत्या. दोरा चकाभोवती इतका आवळला होता की ब्लेडनं कापावा लागला. तो मी चुलीत घातला. हे घरी यायच्या आत मशीन पुसून ठेवली. म्हणजे खोटं तुम्ही बोललात, पण पुरावा मी मोडला. तेव्हा मला वाटलं, तुम्ही मला सासूबाईंपासून वाचवताय. तेवढ्यावर मी समाधान मानलं.

खरं कारण मला फार उशिरा लक्षात आलं. एसटी स्टँडवर दोन माणसं कुठल्यातरी भलत्याच गोष्टीवरून बोलत होती, कुणाचा कुठं हात लागला आणि मग काय झालं, अशा थाटात. ते ऐकताना एकदम कळलं. हाराची गोष्ट शेडबाहेर गेली असती तर शेडमधल्यासारखी राहिली नसती. दुसऱ्या दिवशी लोक म्हणाले असते, मुसलमान मिस्त्रीनं देवाच्या हाराला हात लावला, देवानं बोट नेलं. ते दिवसच तसे होते. तुम्हाला हे दवाखान्याच्या खाटेवर, हाताला पट्टी बांधत असतानाच दिसलं. आणि तुम्ही अशी गोष्ट शोधलीत जिच्यात देव नव्हता, हार नव्हता, मी नव्हते. फक्त एक मूर्ख फिटर होता.

दीड महिन्यानं तुम्ही परत आलात. येणार नाही असं मी धरून चालले होते. सोमवारी सकाळी नेहमीच्या एसटीनं आलात, पिशवी खोलीत टाकलीत आणि पट्टा ढिला झालाय म्हणून माझ्यावर खेकसलात. पुढच्या दसऱ्याला मी हार सुती दोऱ्यात ओवला आणि भिंतीवरच्या स्विचबोर्डाशेजारी खिळ्याला लावला, मशीनला नाही. तुम्ही बघितलंत. "चांगलं दिसतंय," म्हणालात आणि नारळ फोडलात. त्या सगळ्या प्रकरणावर आपलं एवढंच बोलणं झालं.

नाही, मी तीनदा प्रयत्न केला. "चाचा, त्या दिवशी मी जे बोलले—" की लगेच तुमचं, "बिट तापलंय, तेल सोड." दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तुम्ही मशीन बंद केलीत, चक थांबू दिलात आणि म्हणालात, "सूनबाई, मोजे व्हते. झालं." पुन्हा मी विषय काढला नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. तुम्ही अडवलंत म्हणून मी थांबले, असं स्वतःला सांगता येत होतं.

आणि ते थोटूक तुम्ही कामाला लावलंत. नवा माणूस आला की त्याच्या नाकासमोर धरायचात. "हे बघ. रेल्वेचा फिटर, सगळ्यांना शान्पना शिकवायचा, आन् स्वतः मोजे घालून उभा ऱ्हायला." दत्तू सगळ्यात हूड, पण त्यानं कधी मशीनपाशी मोजे घातले नाहीत. इतक्या वर्षांत आमच्या शेडमध्ये कुणाला साधं खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. तुमच्या खोट्यानं ते केलं. तुमचे आभार कशाकशाचे मानायचे ते मला ठरवता येत नाही, म्हणून राहू दे.

आता दौंडचं.

तुमच्या घरी मी बायकांच्या खोलीत बसले. चाची भिंतीला टेकून होत्या. तुमची लेक रेहाना येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी देत होती. तिच्या सासरची एक बाई तुमच्याबद्दल चांगलं बोलत होती, आणि बोलता बोलता तुमच्या बोटावर आली. "एवढा हुशार मानूस, पन मोजे घालून बसला बघा." एक-दोघी दुःखातही हसल्या. रेहाना पण हसली. म्हणाली, "माझी पोरं त्यांना जेवायला बसताना म्हणायची, नाना, मोजे घाला, वरण गरम हाय."

ते ऐकलं आणि मी बोलले, "मोजे नव्हते."

ठरवून गेले नव्हते, चाचा. पण एकदा तोंड उघडल्यावर अर्धवट ठेवलं नाही. हार, गोणीचा दोरा, गाडीवान, सगळं क्रमानं सांगितलं. ते वाक्यही सांगितलं, जसं बोलले होते तसंच. तुम्हाला काय कळायचं आमच्यातलं. तुमच्या घरात, तुमच्या बायकामाणसांत बसून ते म्हणायला मला फार वेळ लागला असं वाटलं. लागला नसेल.

चाची म्हणाल्या, "व्हय?" मग म्हणाल्या, "मला बी मोजेच सांगितले त्यांनी."

मी समजून होते की त्यांना तरी तुम्ही सांगितलं असेल. सगळी वर्षं मी तेवढ्यावर टेकून होते.

रेहानानं हातातला तांब्या खाली ठेवला. "माझ्या लग्नात पाव्हण्यांनी अब्बांची टिंगल केली," ती म्हणाली. "रेल्वेचा फिटर आन् मोजे घालून ड्रिल मारतो म्हणले. अब्बा खाली मान घालून हसले. मला लाज वाटली त्यांची. त्यांची!" मग ती रडायला लागली. मी रडले नाही. तिच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता, पण तो हक्क आपला नाही असं वाटलं.

"मग एवढी वर्सं तुमच्याकडंच का येत ऱ्हायले?" तिनं विचारलं.

"मला माहीत नाही."

"तुमी कवा विचारलं न्हाई?"

"नाही."

चाची म्हणाल्या, "रेहाना, बास. त्यांना च्या दे." चहा आला. मी प्यायले.

परतताना रेहाना मला एसटी स्टँडपर्यंत पोचवायला आली. मी नको म्हटलं तरी आली. शिरूरची गाडी लागली, मी पायरीवर पाय ठेवला, तेव्हा ती म्हणाली, "चाळिसाव्याला या. माझे दोघं भाऊ असतील, अब्बांचे रेल्वेतले जुने सोबती असतील. जे आज बोललात ते तिथं सांगा, बाहेर, पुरुषांत. बायकांच्या खोलीत सांगून जाऊ नका."

मी म्हटलं, "येते."

तिनं मान हलवली आणि वळून गेली. गाडी सुटेपर्यंत थांबली नाही. ते बरोबरच केलं तिनं.

काल ह्यांना सांगितलं. ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "मला तेव्हाच शंका आली होती. मी पण विचारलं नाही." थोड्या वेळानं म्हणाले, "लोक भलताच अर्थ काढतील. चाचांनी एवढं झाकलं ते त्यासाठीच ना?" मी म्हटलं, काढतील. म्हणून तर प्रत्येक शब्द मी नीट ठरवून जाणार आहे. हाराचा दोष नाही, देवाचा नाही, चाचांचा नाही. माझा दोरा, माझं वाक्य. एवढंच, आणि एवढं पुरं.

दत्तूलाही सांगायचं आहे. तो विचारेल, मग मोजे घालायचे का ताई? नाही घालायचे. कारण बदललं, नियम तोच.

शेड सुरू आहे. मशीन सुरू आहे. मी कामं करते आहे, आणि चाळिसाव्याला एसटीनं दौंडला येणार आहे. तिथं कुणीतरी म्हणेल, जाऊ द्या बाई, झालं गेलं. मी थांबणार नाही. मी बोलायला लागले की मला मध्येच तोडणं तुम्हाला एकट्यालाच जमायचं, आणि त्या दिवशी तुम्ही तिथं नसणार.